अकरा एकमेव गीतकार

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते आणि मग थोडी लाज वाटते. खून, दरोडे, अपहरण अशी मोठी प्रकरणे माझ्या सेवेत कमी नव्हती. पण आता चहाच्या टपरीवर मित्रांनी विषय काढला, की मी हेच प्रकरण सांगतो. यात कोणाला साधा ओरखडाही उठला नव्हता. नाव मी कोणाचेच घेणार नाही, कारण यातली बहुतेक माणसे याच भागात सुखाने नांदत आहेत.

मी तेव्हा पिंपरी-चिंचवडमधल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. रावेतचा भाग आमच्या हद्दीत यायचा. एका सकाळी हजेरी संपवून आलेले अर्ज चाळत होतो, तेव्हा एक बाई आल्या. वय चाळिशीच्या आसपास. गाव चाकणच्या पलीकडे आणि नवरा तिथल्याच एका कारखान्यात फिटर. एवढ्या लांबून इथे कशाला आलात, असे विचारले, तर म्हणाल्या, ते ऑफिस रावेतला आहे म्हणून.

त्यांच्या नवऱ्याला गाणी रचायचा नाद होता. गावच्या भजनी मंडळासाठी, कुणाच्या हळदीसाठी, कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची त्यासाठी तो गाणी लिहायचा. मोबाइलवर जाहिरात पाहून त्याने आपली वही रावेतच्या एका संगीत कंपनीला पाठवली. आठ दिवसांत पत्र आले. तीन परीक्षकांनी वही वाचली असून सबंध महाराष्ट्रातून यंदाचा एकमेव गीतकार म्हणून तुमची निवड झाली आहे, असे त्यात लिहिले होते. मोठ्या गायकाच्या आवाजात अल्बम निघणार होता. फक्त निवड शुल्क भरायचे होते. त्याने दिवाळीचा बोनस तिकडे वळवला. मग ध्वनिमुद्रणाचे शुल्क आले, मग नोंदणीचे. वर्ष उलटले तरी अल्बमचा पत्ता नव्हता आणि ऑफिसातून नव्या शुल्काचे फोन चालूच होते.

मी म्हणालो, फिर्याद नवऱ्याने द्यायला हवी, त्यांना घेऊन या. बाईंनी मान खाली घातली.

“ते न्हाई यायचे साहेब. गावात फ्लेक्स लागलाय.”

आमच्या भागात राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. वाढदिवस असो, सोसायटीची निवडणूक असो की पोराने दहावीचा गड जिंकलेला असो, चौकात फ्लेक्स लागल्याशिवाय ती गोष्ट घडली असे आमच्याकडे मानत नाहीत. मित्रांनी या फिटरचा गॉगल घातलेला फोटो टाकून भला मोठा फ्लेक्स लावला होता. मंडळाने नारळ-शाल देऊन सत्कार केला होता. आता फिर्याद द्यायची म्हणजे सगळ्या गावासमोर स्वतःला मूर्ख म्हणवून घ्यायचे.

“लिहायचं सोडलंय त्यांनी,” बाई म्हणाल्या. “ड्यूटीवरनं आले की भिंतीकडं तोंड करून पडत्यात. पैशाचं जाऊ द्या साहेब. मला माझा मानूस पयल्यासारखा पायजे.”

असली मागणी कुठल्या रकान्यात लिहायची, ते मला माहीत नव्हते. मी त्यांना चहा पाजला आणि बघतो म्हणालो. बघतो हा शब्द आम्ही पोलीस दिवसातून पन्नास वेळा वापरतो आणि बहुतेक वेळा बघत नाही.

या वेळी मात्र बघणे आपोआप झाले. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका तपासासाठी चाकणला जायचे होते. सोबत माझे जुने हवालदार होते. मूळचे लातूरकडचे, तीस वर्षे खात्यात काढलेली आणि तरी जिभेचा गोडवा जसाच्या तसा. वाटेत वाकडी वाट करून आम्ही त्या गावचा फ्लेक्स पाहिला. ‘महाराष्ट्रातील एकमेव गीतकार’, खाली कंपनीचे नाव आणि प्रमाणपत्राचा फोटो. परतताना भोसरीत सिग्नलला गाडी थांबली. हवालदारांनी काच खाली केली आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, हे बी एकमेवच हाय की.”

समोर तोच फ्लेक्स होता. तोच रंग, तेच प्रमाणपत्र, चेहरा तेवढा दुसरा.

फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापणाऱ्याचे नाव आणि नंबर असतोच. दोन्हीवर एकच नाव होते. औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी त्याचे दुकान सापडले. माणूस सरळ होता. त्याने संगणक उघडून दाखवला, तर एकाच नमुन्यावर अकरा चेहरे. निगडीचा रिक्षाचालक, भोसरीचा लेथवर काम करणारा कामगार, रावेतच्या एक शिक्षिका, आमचा फिटर आणि असेच बाकीचे. कंपनी म्हणे प्रत्येक पत्रासोबत याचाच पत्ता द्यायची. अभिनंदनाचा फ्लेक्स तयार नमुन्यात मिळेल, असे कळवायची. लोक हौसेने लावायचे आणि कंपनीची जाहिरात फुकटात व्हायची. सगळेच एकमेव कसे, हा प्रश्न कधी पडला नाही का, असे मी दुकानदाराला विचारले. तो म्हणाला, “साहेब, आमच्याकडं सगळेच भावी नगरसेवक पण असतात. आम्ही कुठं विचारतो?”

फसलेल्यांची यादी अशी आयती हातात आली. मी एकेकाला फोन लावले आणि तिथे आयुष्यात पहिल्यांदा एक गंमत अनुभवली. दहाच्या दहा जणांनी मला एकच उत्तर दिले. बाकीच्यांना फसवले असेल साहेब, पण माझी निवड खरी आहे. शिक्षिकाबाई तर माझ्यावर रागावल्याच. फसवणुकीच्या गुन्ह्यात माणूस पैसा सोडायला तयार होतो, पण कोणीतरी आपल्याला निवडले हा समज सोडत नाही.

मग मी सगळ्यांना एकाच दिवशी बोलावले. गुरुवार धरला, कारण एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते. फिटरला बायकोने जवळजवळ ओढत आणले होते. तो दाराशी उभा राहून पुटपुटला, “कोन्त्या तोंडानं फिर्याद देऊ साहेब?” मी त्याला फक्त बाकावर बसवले. बाकावर दहा माणसे होती आणि प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले तेच प्रमाणपत्र होते. काही वेळ कोणी कोणाकडे पाहिले नाही. मग रिक्षावाल्याने शेजाऱ्याचे प्रमाणपत्र वाचले, आपले वाचले आणि खो खो हसत सुटला. शिक्षिकाबाई आधी रडल्या, मग त्याही हसल्या. पहिली फिर्याद फिटरने दिली. एकट्याची लाज अकरा जणांत वाटली गेली, की ती उचलता येते.

दुसऱ्या दिवशी पंच सोबत घेऊन आम्ही रावेतच्या त्या ऑफिसवर छापा घातला. ऑफिस म्हणजे नव्या इमारतीतला एक फ्लॅट. भिंतींना काळा फोम, एक माइक, एक खुर्ची. कपाटात वह्यांची पाकिटे रचून ठेवलेली होती. संचालक तिशीतला, स्वच्छ कपड्यांतला, बोलायला लाघवी. ठाण्यात आणल्यावरही घाबरला नाही. करारनामा पुढे सरकवून म्हणाला, अल्बम कधी काढायचा ते कंपनी ठरवणार असे यात लिहिले आहे, अर्जदारांनी सही केली आहे, हे प्रकरण दिवाणी आहे. खरे सांगायचे तर करार त्याने फार हुशारीने लिहून घेतला होता. पहिल्यापासून फसवण्याचाच हेतू होता हे दाखवता आले नसते, तर तो सुटला असता.

मी दोन तास त्याला त्याच्या कंपनीचे कौतुक करू दिले. आपण आरडाओरडा केला की माणूस गप्प होतो, बोलता होत नाही, हा माझा अनुभव आहे. शेवटी फिटरचे पाकीट टेबलावर ठेवले आणि सहज विचारले, यातले कुठले गाणे परीक्षकांना आवडले? तो डोळे मिटून म्हणाला, गावाकडची गाणी आहेत, मातीचा वास आहे त्यांना. मी पाकीट उलटे केले. फिटरने लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी होती. टपाल खात्याचा शिक्का अर्धा पट्टीवर, अर्धा कागदावर, मध्ये कुठे चीरसुद्धा नाही. पंचनामा लिहिताना हे हवालदारांच्या नजरेने टिपले होते. अकरापैकी नऊ पाकिटे अशीच बंद होती, आणि निवडीची पत्रे मात्र सगळ्यांना गेली होती.

त्याने त्या पट्टीवरून एकदा बोट फिरवले. मग त्याचा आवाज बदलला.

“उघडायची गरजच नव्हती साहेब. ते पैसे भरायला यायचे तेव्हा गाणं म्हणून दाखवायचे. मी डोळे मिटून मान डोलवायचो. त्यांच्या घरात तेवढंही कोणी करत नव्हतं.”

त्याच्यावर दोषारोपपत्र गेले, त्याचे पुढे जे व्हायचे ते न्यायालयात रीतसर झाले. पैशांचा मोठा भाग बँक खाते गोठवल्यामुळे लोकांना परत मिळाला. पण बाईंनी मागितले होते ते अजून माझ्याकडून बाकी होते.

न्यायालयाच्या आदेशाने वह्या परत करायच्या ठरल्या. फिटर दुसऱ्या पाळीला जायच्या आधी, कारखान्याच्या गणवेशातच आला. मी वही पुढे केली आणि पावतीवर सही करायला सांगितले. त्याने वहीला हात लावला नाही.

“ठेवा इथंच न्हाईतर रद्दीत घाला. उघडलीच न्हवती ना त्यानं.” मग माझ्याकडे पाहून त्याने विचारले, “साहेब, तुमी तरी वाचली का?”

खोटे बोलणे मला अवघड नव्हते, ते आमच्या धंद्याचाच भाग आहे. पण जीभ वळली नाही. पंचांसमोर पाकीट उघडून मी पाने मोजली होती, प्रत्येक पानाचा फोटो काढून घेतला होता, कव्हरवर सही केली होती. वाचली एक ओळही नव्हती. तसे मी त्याला सांगितले आणि मला मनापासून लाज वाटली. त्या भामट्याने मान तरी डोलवली होती.

मी त्याला बसायला सांगितले, दार लोटून घेतले आणि वही पहिल्या पानापासून वाचायला लागलो. मला गाण्यातले काही कळत नाही. देवाची गाणी होती, हळदीची होती, काही अगदीच साधी होती. सातव्या पानावर मी थांबलो आणि मोठ्याने वाचले:

बाचं औत जिथं वळायचं, तिथं कंपनीचं दार,
पाय वळखत्यात बांध, डोळं हुडकत्यात शिवार.

ही कंपनी तुमच्याच शेतावर उभी आहे का, असे मी विचारले. तो हो म्हणाला. पत्रा दाबून भाग काढायचा त्याचा प्रेसशॉप जिथे आहे, तिथे त्यांचे कांद्याचे वावर होते. मी त्या ओळी पुन्हा वाचल्या. माझे वडील गेल्यानंतर आमच्या विकलेल्या शेतावरून जाताना माझी गाडी आपोआप हळू व्हायची. ते मी कधी कोणाला सांगितले नव्हते. त्या दिवशी त्याला सांगितले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. फसवणूक कशी ओळखावी हे मला आधीच येत होते. येत नव्हते ते एवढेच, की माणूस आपल्यासमोर जे ठेवतो ते मोजण्याआधी वाचावे. त्यानंतर सेवेची जेवढी वर्षे उरली, तेवढी मी तक्रार घेताना आधी पेन खाली ठेवत आलो.

मी वही मिटायला लागलो तसा तो पुढे वाकला. कपाळाला आठी पडली होती.

“थांबा साहेब. ते ‘दार’ बराबर न्हाई बसलं. वाचताना ठेच लागती.”

त्याने माझ्यासमोरचे पेन मागितले. आधी ओळ दुरुस्त केली आणि मग पावतीवर सही केली.