गेटवरच्या पत्रकात मी काय लिहिलं नाही

गेटसभेत मी घसा फोडून खूप काही बोललो आहे. हे मात्र कुठल्याच सभेत, कुणाकडेच बोललो नाही. तुम्हाला सांगतो — आणि आधीच सांगतो, ऐकून माझ्याबद्दल चांगलं वाटणार नाही.

मिरजोळ्याला मासळी गोठवणाऱ्या एका कंपनीत मी संगणक सांभाळतो. संघटनेची पत्रकंही मीच लिहितो. स्वप्नाली माझ्यानंतर लागली. मालगुंडची, कंत्राटी, मला दादा म्हणायची. कंपनीने आम्हा दोघांना स्क्रिप्टिंग आणि सुरक्षेच्या प्रशिक्षणाला बसवलं. संगणकाने कामं आपसूक करावीत म्हणून आज्ञा कशा लिहायच्या, ते शिकायचं. मला वाटलं, ही मागे पडेल, मी समजावीन.

मागे कोण पडलं?

काम सोडून गेलेल्या माणसाचं गेटकार्ड चालू राहणं म्हणजे सताड उघडं दार, असं शिकवणारे सर म्हणाले. स्वप्नालीने दुपारपर्यंत स्क्रिप्ट लिहिली — पगारपटावरून नाव गेलं की कार्ड कायमचं बंद. सरांनी ती पडद्यावर लावली. "असं सुटसुटीत लिहायला शिका," म्हणाले. बघत होते माझ्याकडे. निदान मला तसं वाटलं. त्या दिवशी मी जेवलोसुद्धा नाही — इतका जळलो.

परतल्यावर ती म्हणाली, "दादा, चालू करण्याआधी एकदा बघ ना. तुला इथलं सगळं माहितीय."

खरंच माहीत होतं. कोळंबी सोलणाऱ्या बायांना कंपनी ठरावीक महिन्यांनी कागदावर कामावरून काढते आणि दोन दिवसांनी परत घेते — नोकरी सलग दिसू नये म्हणून. आम्ही त्याला ब्रेक म्हणतो. त्या दिवसांत त्यांची नावं पटावर नसतात, पण कार्डं कुणी बंद करत नाही. या ब्रेकवर मी किती पत्रकं लिहिली असतील! स्क्रिप्टमध्ये त्याची सोय नव्हती. मला पहिल्याच वाचनात दिसलं.

मी म्हणालो, "मस्त झालंय. लाव."

का? तिला एकदा तरी सगळ्यांसमोर चुकताना बघायचं होतं. बायांचा विचार आला होता का? आला होता. तरीही म्हणालो.

सोमवारी ब्रेकवरून परतलेल्या बाया गेटबाहेर उभ्या. कार्ड लागेना. "आमचा काय चुकला रे?" सुलभामावशी मला विचारत होत्या. नवी कार्डं निघेपर्यंत पाळी बुडाली, त्या दिवसाचा रोज गेला. आणि मी — मी त्यावर पत्रक काढलं. यंत्राच्या आडून बायांना हाकलणारी निर्दय कंपनी, वगैरे. गेटसभेत वाचलं, टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांवरच पुढे मी संघटनेचा चिटणीस झालो.

स्वप्नालीला साहेबांनी ब्रेक दिला. परत बोलावलं नाही. माझ्याकडून स्क्रिप्ट तपासून घेतली होती, हे तिने साहेबांना सांगितलंच नाही. स्क्रिप्ट आजही चालते, माझ्या नावाने. चुकलेली ओळ मी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केली. चहा निवायच्या आत झाली.

मध्यंतरी ती एसटी स्टँडवर भेटली. लोट्याला कुठेतरी मुलाखतीला निघाली होती. म्हणाली, "दादा, तुझं ते पत्रक वाचलं. बरं केलंस. त्या बायांसाठी कुणीतरी बोलायलाच हवं होतं."

मी थँक्यू म्हणालो.