वंदना मॅडमचं चाइल्ड तिकीट

"टेन्शन क्या लेना मॅडम? उनको चाइल्ड टिकट में निकाल देंगे. आपका भी फायदा, पार्टी का भी फायदा," थीम पार्कचा मेहुल म्हणाला आणि फोनवर हसला.

फोन स्पीकरवर होता. आणि ज्यांना चाइल्ड तिकिटात काढायचं होतं त्या वंदना मॅडम माझ्या टेबलासमोर बसल्या होत्या. वय छत्तीस. पिंपळगाव राजाच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका.

मी स्पीकर बंद करायला हात पुढे केला. त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"त्याले विचारा," त्या हळूच म्हणाल्या, "चाइल्ड तिकिटावर मोठ्या राइडले बसू देतात का?"

मी विचारलं. मेहुल म्हणाला, "सब अ‍ॅडजस्ट हो जाएगा. आप बस बुकिंग भेज दो." आणि त्यानं फोन ठेवला. माझ्या कानशिलात जी आग पेटली ती त्या क्षणी. पुढचा महिना ती वाढतच गेली.

मी खामगावात एका ट्रॅव्हल एजन्सीत काम करते. शाळांच्या सहली, देवदर्शन, हनिमूनची पॅकेजेस, आणि मे महिन्यात थीम पार्कची एक बस. मालक बाळूभाऊ गिऱ्हाईक आणतात. बाकी सगळं मी बघते आणि बसबरोबर एस्कॉर्ट म्हणूनही मीच जाते. एस्कॉर्ट म्हणजे ज्यांची बॅग हरवली, पोट बिघडलं, खोलीत पाणी आलं नाही, त्या सगळ्यांनी जिच्यावर ओरडायचं ती बाई.

वंदना मॅडमची उंची चार फुटांपेक्षा थोडी कमी. जन्मापासूनच. हातपाय आखूड, बाकी अंग मोठ्या माणसाचं. मागं दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटीवरून त्या गावाहून खामगावला येतात. त्यांच्या घरात भाऊ सुनील, वहिनी आणि बारा वर्षांची पुतणी आर्या. उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून कुठंतरी जायचं, ही कल्पना वंदना मॅडमची. थीम पार्क हीसुद्धा त्यांचीच.

"मले जोरात जायचं हाय एकदा," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "स्कूटीच्या वर कधी गेलीच नाही मी. पण जाऊन परत पाठवत असतील तं मले आधी सांगा. मी येनार नाही, बाकीचे जातील."

इतकी सरळ मागणी. आधी सांगा, एवढंच.

आमच्यापुढं दोन पार्कं होती. नावं घेत नाही, दिशाही सांगत नाही. दोन्ही आमच्यापासून रात्रभराच्या प्रवासावर. एक मोठं, जाहिरातीवालं, ज्याचा उलटा फिरणारा रोलर कोस्टर सगळ्या पोरांच्या मोबाईलमध्ये असतो. दुसरं जरा जुनं, झाडं जास्त, जाहिरात कमी. दोघांचं एकमेकांशी वैर असं, की एकाचा सेल्सवाला आला की दुसऱ्याचं कॅलेंडर भिंतीवरून काढायला सांगतो. मोठ्या पार्कचा सेल्सवाला म्हणजे हा मेहुल.

त्या दिवशी वंदना मॅडम गेल्यावर मी मेहुलला परत फोन केला. म्हटलं, तुमच्या ऑपरेशनवाल्यांशी बोलायचंय. थीम पार्कमध्ये दोन खाती असतात. सेल्स तिकिटं विकतं. ऑपरेशन राइड चालवतं. कोणाला बसवायचं, कोणाला नाही, हे ऑपरेशन ठरवतं. मेहुल म्हणाला, ते लोक बाहेरच्यांशी बोलत नाहीत. मी म्हटलं, मग तुम्ही विचारून सांगा. तो म्हणाला, हो हो. पुन्हा फोन केला तेव्हाही म्हणाला, हो हो.

दुसऱ्या पार्कला फोन केला. तिथल्या सेल्सवाल्यानं खांदे उडवावेत तशा आवाजात सांगितलं, "हे मला नाही माहीत," आणि फोन सरळ ऑपरेशनच्या बाईंना जोडून दिला. मी उंची सांगितली. त्या म्हणाल्या, "उंची कळली. बसल्यावर कमरेपासून खांद्यापर्यंत किती भरतं? हात पुढे करून दांडा धरता येतो का? मोजून सांगाल?"

मला असं कोणी आजवर विचारलं नव्हतं. मी वंदना मॅडमना फोन केला. त्यांनी आर्याच्या हातात शिवणकामाची टेप दिली आणि फोन चालू ठेवूनच मापं सांगितली.

बाईंनी मग मला नीट समजावलं. राइडवर माणसाला सीटला धरून ठेवणारा दांडा असतो, त्याला रेस्ट्रेंट म्हणतात. कुठं तो मांडीवर येतो, कुठं खांद्यावरून. ज्या मापाच्या शरीरासाठी तो बनवलाय त्यापेक्षा लहान शरीर त्यातून निसटू शकतं. "आमच्या दोन मोठ्या राइडवर मी त्यांना बसवणार नाही," त्या म्हणाल्या. "वाईट वाटलं तरी चालेल. बाकीच्यांसाठी आमच्याकडे टेस्ट सीट आहे. राइडच्या बाहेर एक रिकामी खुर्ची ठेवलेली असते. पार्क उघडायच्या आधी या, लोक नसताना बसून बघा. दांडा नीट बसला तर दिवसभर बसा."

मी हे जसंच्या तसं वंदना मॅडमना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दोन नाही म्हनल्या ना? मंग बाकीचं खरं असन. आपन इथंच जाऊ."

मी बाळूभाऊंकडे गेले. म्हटलं, यंदाची बस दुसऱ्या पार्कला नेऊ.

बाळूभाऊंनी चहा खाली ठेवला. "काऊन, संध्या?"

मी सांगितलं.

"एका बाईसाठी अख्खी बस फिरवू? लोकायले तो उलटा कोस्टर पाह्यजे. आन मेहुल आपला मानूस हाय."

"मेहुल खोटं बोलून राह्यला, भाऊ."

"अवं, तो सेल्समध्ये हाय."

जणू ते एकाच गोष्टीचं दुसरं नाव होतं. मी बरंच बोलले. त्यांनी ऐकलं आणि बस मोठ्या पार्कचीच ठेवली. संध्याकाळी सुनील ऑफिसात आला. तालुक्याच्या कचेरीत क्लार्क आहे. त्याला मी दोन्हीकडचं सांगितलं. तो मोबाईलवरचा कोस्टर दाखवत म्हणाला, "लेकराले याच्यातच बसायचं हाय. ताईचं काही नाही, ताई समजदार हाय."

समजदार. आमच्याकडे ज्या माणसाचं काही ऐकायचं नसतं त्याला समजदार म्हणतात.

बस मोठ्या पार्कलाच जातेय हे मी वंदना मॅडमना कळवलं, आणि मला वाटलं त्या आता येणार नाहीत. पण बस निघाली तेव्हा त्या खिडकीपाशी बसलेल्या दिसल्या. नवा पंजाबी ड्रेस, केसांना क्लिप. बस तासभर चालल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"बरं झालं बाप्पा, त्यायनं हो म्हनलं," त्या म्हणाल्या.

"कोणी?"

"बाळूभाऊचा फोन आलता ना. म्हने, पार्ककडून कन्फर्म झालं, तुमाले सगळ्या राइडवर बसवतात."

मी ड्रायव्हरच्या केबिनमध्ये जाऊन बाळूभाऊंना फोन लावला. त्यांनी उचलला. म्हणाले, "मेहुल म्हने होईल. होईल म्हनजे कन्फर्मच ना. आता निंगाली बस, जाऊ दे." आणि फोन बंद.

मी परत येऊन मॅडमना सांगितलं, की माझ्या माहितीत असं काही कन्फर्म नाही. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. पुढच्या सीटवर सुनील कानात वायर घालून झोपला होता, का झोपल्यासारखा बसला होता, कोण जाणे.

"आता मधात कुठं उतरू," त्या म्हणाल्या. "पाहू."

सकाळी पार्कच्या गेटवर भिंतीवर एक अस्वल रंगवलेलं होतं. त्याच्या पुढं केलेल्या पंजाखाली लेकरांना उभं करून उंची बघत होते. मोठ्यांच्या मनगटाला निळा पट्टा, लहानांच्या पिवळा. तिथल्या मुलीनं वंदना मॅडमना हात धरून अस्वलाखाली उभं केलं. त्या म्हणाल्या, मी मोठी आहे. ती म्हणाली, हाइट के हिसाब से है मॅम. आणि पिवळा पट्टा बांधला. आर्याच्या हाताला निळा.

कोस्टरची रांग लांबलचक होती. मी खाली उभी राहिले, एस्कॉर्टला बसायचं नसतं. वरचं सगळं मला दिसत होतं. या चौघांची पाळी आली. राइड चालवणारा चाळिशीतला माणूस होता. त्यानं पट्टा बघितला, मॅडमकडे बघितलं, वाकून काहीतरी बोलला. त्यांनीही काही विचारलं. त्यानं रिकाम्या सीटवरचा दांडा खाली ओढून दाखवला. मग मागची माणसं ओरडायला लागली, चलो भाई, जल्दी. एकानं मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. सुनीलनं स्वतःची बॅग, बायकोची पर्स, आर्याची पर्स मॅडमच्या हातात दिली आणि तिघं बसून गेले.

वरून खाली यायला वेगळी वाट नव्हती. राइड करून उतरणारे पलीकडून उतरतात. जो बसत नाही त्यानं आलेल्या रांगेतूनच परत यायचं. लोखंडी कठड्यांमधून, लोकांच्या कमरेच्या उंचीवरून, सगळ्यांना बाजूला व्हा म्हणत. त्या तशा आल्या. हातात बॅग आणि दोन पर्सा. कोणी तरी हसलं, ते मी ऐकलं.

त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. मला वाटतं रडल्या असत्या तर मी त्यांना सावलीत बसवलं असतं आणि गोष्ट तिथंच संपली असती.

मेहुल जेवणाच्या हॉलपाशी कुपनं वाटत होता. गुड मॉर्निंग मॅडम, म्हणाला. मी त्याच्या गळ्यातल्या आयकार्डची पट्टी धरली आणि म्हटलं, "चला."

"कहां मॅडम?"

मी उत्तर दिलं नाही. पट्टी सोडली नाही. लोक बघत होते. बघू दे. कोस्टरच्या खाली तो राइडवाला माणूस दुसऱ्याच्या हाती राइड देऊन पाणी प्यायला उतरला होता. त्याला मी विचारलं, "यांनी तुम्हाला आमच्या मॅडमबद्दल कधी विचारलं होतं?"

त्यानं मेहुलकडे बघितलं. "नहीं मॅडम. पूछते तो पहले ही बोल देता. मेरा क्या जाता था."

मेहुल म्हणाला, "सॉरी मॅम, कम्युनिकेशन गॅप हो गया. किड्स झोन अनलिमिटेड कॉम्प्लिमेंटरी कर देता हूं." किड्स झोन म्हणजे बदकाच्या आकाराच्या गाड्या आणि फिरणारे कप.

मी तोंड उघडलं, पण वंदना मॅडमनी मला थांबवलं. त्या मेहुलशी मराठीतच बोलल्या, सावकाश, त्याला समजेल असं.

"मले राइड नाही भेटली त्याचा राग नाही. हा मानूस बरोबर हाय, त्यानं माझा जीव वाचवला. तुमाले मी महिनाभर आधी विचारलं होतं. तुमी नाही म्हनले असते तं मी घरी राह्यली असती. घरी राहायचं का इथं येऊन हसू करून घ्यायचं, हे मी ठरवनार होती. ते तुमी ठरवलं."

मेहुल आयकार्ड सरळ करत उभा राहिला.

तेवढ्यात सुनील पलीकडून आम्हाला शोधत आला. केस उडालेले, चेहरा लाल. "काय झालं? एवढं मोठं काऊन करून राह्यले तुमी?"

मॅडमनी बॅग आणि पर्सा त्याच्या हातात दिल्या. "तुले संध्याताईनं आधीच सांगतलं होतं ना सुनील?"

तो पर्सा खांद्याला अडकवायला लागला. आर्या एकदा बापाकडे आणि एकदा आत्याकडे बघत राहिली. मॅडम म्हणाल्या, मी बसमध्ये बसते. मी त्यांच्याबरोबर गेले. बाकीच्या बसनं दिवसभर मजा केली आणि परतीच्या वाटेवर त्यांना माझ्या चेहऱ्याचं कारण कळलं नाही.

ऑफिस उघडल्यावर मी बाळूभाऊंना सांगितलं, त्या पार्कचं बुकिंग मी करणार नाही. करायचं असेल तर तुम्ही करा आणि बसबरोबर तुम्हीच जा. ते चिडले. म्हणाले, दुकान माझं का तुझं? मी म्हटलं, तुमचं. पण मॅडमना फोन कोणी केला होता, मी का तुम्ही? ते कॅलेंडरकडे बघत बसले.

माझ्या बोलण्यानं ते वळले असते असं मला वाटत नाही. वळवलं दुसऱ्याच गोष्टीनं. वंदना मॅडमनी घडलं ते कमी-जास्त न करता शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं. शाळेची सहल कुठं न्यायची हे आमच्याकडे शिक्षक ठरवतात. हिवाळ्यात एकेक मुख्याध्यापक येऊन म्हणायला लागले, ते मोठं पार्क नको, ते दुसरं सांगा. हल्ली बाळूभाऊ गिऱ्हाइकाला सांगतात, की ते दुसरं पार्क त्यांनीच शोधून काढलं.

दिवाळीच्या सुट्टीत वंदना मॅडम आर्याला घेऊन तिथं गेल्या. सुनीलला त्यांनी विचारलंच नाही. पार्क उघडायच्या आधी ऑपरेशनच्या बाई स्वतः गेटवर आल्या, टेस्ट सीटवर बसवून एकेक दांडा लावून बघितला. दोन ठिकाणी नाही, हे आधीच ठरलेलं. तिसऱ्या एका ठिकाणी तिथं गेल्यावर नाही म्हणाल्या. बाकी सगळीकडे हो. आल्यावर मॅडम ऑफिसात आल्या तेव्हा त्यांचा घसा पार बसला होता. एका लाकडी कोस्टरवर त्या पाच वेळा बसल्या, हे मला आर्यानं सांगितलं, कारण मॅडमना बोलताच येत नव्हतं.

आता कोणीही पार्क विचारायला आलं, की मी आधी राइडवर दांडा लावणाऱ्याला फोन करते, तिकीट विकणाऱ्याला नंतर. आणि जो पार्कवाला पहिल्याच फोनला एखाद्या गोष्टीला स्पष्ट नाही म्हणतो, त्याच्याकडे बुकिंग पाठवते. गिऱ्हाईक थोडं कमी होतं. झोप नीट लागते.