व्याह्यांची आगगाडी आणि माझे दोन डबे

सन दोन हजार तेवीस. मला तेव्हा एकाहत्तर पुरी झालेली. तिसरीतून शाळा सोडली, भिवंडीच्या लूमवर जॉबर म्हणून मशिनी दुरुस्त करण्यात जन्म गेला, तेव्हा हट्टी माणसं मी ढिगानं पाहिलीत, आरशातसुद्धा. पण काल्हेरच्या आमच्या व्याह्यांसारखा हट्टी माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी लिहून देतो.

भाताची जमीन गोदामाला गेली तेव्हापासून या गृहस्थाने मधल्या खोलीत भलं मोठं टेबल ठोकून त्यावर बोटभर उंचीची आगगाडी मांडलेली. हातात मोबाइलएवढा यंत्राचा ठोकळा. त्यावर आकडा दाबला की इंजिन निघतं, शिटी मारतं, दिवा लावतं. गाडी स्टेशनात शिरल्याशिवाय चहाला तोंड लावायचं नाही असा नेम, त्यामुळे विहीणबाई एकच कप तीनदा तापवतात. रूळ पुसायला स्वतःचा बनियन. एकदा घाईत तोच घालून लग्नाला आले. पातळ सदऱ्यातून छातीवरच्या दोन काळ्या रेघा मांडवभर दिसत होत्या. मी टोकलं तर म्हणाले, "रूळ लख्ख हायत ना? मग झालं!" डबा मात्र एकही विकतचा नाही. ज्यानं दिला त्याच्या नावाचा डबा. पुढे थोरले भाऊ, मग मेव्हणे, मग जावई, पंगतीला बसवावेत तसे. त्यांच्या घरी मुलगी दिली तेव्हा मीही दोन डबे दिले, आत दिवे लागणारे, सगळ्यांहून लांब. कमी द्यायची आपल्याला सवय नाही.

घोळ होता टेबलाच्या टोकाला. तिथे रूळ गोल वळून परत आपल्याच वाटेला येऊन मिळतो. व्याह्यांनी मला समजावलं, "जाताना जो डावा रूळ, तोच येताना उजवा होतोय. दोन्हीकडचा करंट भिडला की शॉर्ट. म्हणून गोलाच्या दोन्ही तोंडांशी रूळ कापलेत. गाडी आत असली की ही पेटी करंट उलटा करते." ऐकायला झकास. पण मी गेलो की गाडी गोलात शिरायची आणि बाहेर पडताना टक्! सगळं बंद. व्याही लगेच टेबलाखाली. वायरी बदलल्या, पेटी बदलली, फटी नव्यानं कापल्या. मी वरून म्हणायचो, "लूमवर असता तर शेठने हाकललं असतं तुम्हाला." खालून आवाज, "इथं शेठ मीच हाय!"

तेव्हा माझी मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे होती. नातीला घेऊन सासरी परतायचे दिवस आले तसं विहीणबाईंनी माझ्यादेखत नवऱ्याला फर्मान काढलं, "रविवारी ह्या व्याह्यांसमोर गाडी पुरी फिरली तर टेबल ऱ्हाईल. न्हाय तर टेबल भंगारात, आणि खोलीत पाळणा."

रविवारी गाडी गोलात शिरली. इंजिन बाहेर आलं, आणि टक्. व्याही पाना घेऊन खाली शिरले आणि टेबलाचा पहिला नट सोडवायला लागले. ते बघून विहीणबाईंना राहवेना.

"व्याही, ही गाडी रोज दुपारी फिरते हो! तुम्ही येणार म्हटलं की हे मागं तुमचे दोन डबे जोडतात. मग गाडी गोलाहून लांब होते, इंजिन गोलातून बाहेर आणि शेपूट अजून पहिल्या तोंडात. पेटीनं कुणाकडं बघायचं? ह्यांना सगळं ठाऊक हाय, तरी म्हणे वायरीतच कायतरी युक्ती घावेल. म्हटलं अट घातली म्हणजे तरी डबे काढतील!"

"मग काढायचे ना!" मी ओरडलो. "नाहीतर भावाचा काढा."

"भावाला उतरवू? का मेव्हण्याला?" टेबलाखालून उत्तर आलं. "आणि सुनेच्या बापाला? माझ्या घरात न्हाय होणार ते."

 जन्मभर हाक आली ती 'ए जॉबर' अशीच. मुलीचा बाप म्हणून मान खाली घालायची तयारी करूनच मी त्या घरची पायरी चढायचो. आणि हा माणूस माझ्या मानापायी स्वतःचं टेबल मोडायला बसला होता. त्यांच्या हातातला पाना मी काढून घेतला. "विहीणबाई," मी म्हटलं, "पोर अजून महिनाभर माझ्याकडं ऱ्हाऊ दे. गोल मोठा करून खिडकीतून गॅलरीत काढला तर पाळण्यालाही जागा होईल."

"एक आवरत नव्हता, आता दोन झाले," त्या म्हणाल्या आणि चहा तापवायला गेल्या.

आता आम्हा दोघांचेही गुडघे टेबलाखाली शिरू देत नाहीत. वायर निसटली तर खुर्च्यांवर बसून नुसते एकमेकांकडे बघतो. पण त्या दिवशी अंगात जोर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुताराकडून प्लायवूडची लांब फळी घेतली, रिक्षात आडवी धरली आणि ट्रकांच्या रांगेतून काल्हेरला निघालो.