शेवटच्या रेषेजवळची खुर्ची

आमच्या भागात गोल्फचं मैदान नाही. मी तो खेळ मोबाइलवर बघायला शिकलो, शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा खाताना. खेळापेक्षा मला त्यातला एक नियम भावला. तिथे प्रत्येक खेळाडूच्या मागे पंच नसतो. चेंडू चुकून हलला आणि कोणी पाहिलं नाही, तरी खेळाडूनं आपण होऊन सांगायचं आणि दंड म्हणून स्वतःचा एक फटका वाढवून घ्यायचा. हे मी आठवीच्या वर्गाला इतक्या वेळा सांगितलंय की पोरं मला मागून ‘गोल्फवाले सर’ म्हणतात.

यंदा हिवाळ्यात आमच्या जुन्या कॉलेजात मुलींचे आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचे सामने झाले. माजी विद्यार्थी म्हणून उद्घाटनाला मला बोलावलं होतं. तिथेही मी तेच सांगितलं. टाळ्या पडल्या.

या कॉलेजचे माझ्यावर उपकार आहेत. आमच्या घरात माझ्या आधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. आसेगावहून पहिल्यांदा आलो तेव्हा वर्गात तोंड उघडायची हिंमत होत नव्हती. मैदानाच्या कडेला मात्र ओरडता यायचं. मी कधीच खेळलो नाही. ओरडून ओरडूनच या कॉलेजचा झालो. व्हरांड्यात एक लाकडी फळा आहे. त्यावर शिल्ड जिंकून देणाऱ्या कर्णधारांची नावं पांढऱ्या रंगात लिहिलेली आहेत. ती मला अजून तोंडपाठ आहेत.

यंदाची कर्णधार कामरगावची, शेवटच्या वर्षाची. त्या फळ्यावर नाव लागायची तिची ही शेवटची संधी होती, आणि ते लागावं असं मला तिच्याइतकंच वाटत होतं.

आमच्याकडे गर्दी बसून सामना बघत नाही. सरकत सरकत मैदानात शिरते. अंतिम सामन्याला माझी पाहुण्याची खुर्ची शेवटच्या रेषेजवळ होती, पण मीही ती सोडून सगळ्यांबरोबर पुढे उभा होतो. पंच शिट्ट्या वाजवून थकले. मध्यंतरानंतर फक्कीनं आखलेली ती पांढरी रेषा आमच्याच पायांनी पुसली गेली.

गुण सारखे झाले आणि आमची शेवटची चढाई उरली. कर्णधार आली. कोपऱ्यातल्या मुलीला हूल देताना तिची टाच पुसलेल्या रेषेच्या पलीकडे पडली, माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर. मग तिनं त्या मुलीला शिवलं आणि पळत परत गेली. आमची गर्दी नाचायला लागली. समोरच्या मुली ‘‘आउट! आउट!’’ म्हणून ओरडत होत्या. पंच आले, वाकून रेषा शोधू लागले. रेषा होतीच कुठे?

त्यांनी मान वर करून मला विचारलं, ‘‘सर, तुम्ही इथंच होता. पाय बाहेर पडला काय?’’

‘‘दिसलं नाही,’’ मी म्हणालो.

विचारसुद्धा करावा लागला नाही. मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती याचीच.

पंचांनी शिट्टी तोंडाला लावली, तेवढ्यात मधल्या रेषेजवळून कर्णधारानं हात वर केला. ‘‘पडला होता सर. बाहेर होता पाय.’’

आम्ही एका गुणानं हरलो.

माझा एक वर्गमित्र आता धान्याची अडत चालवतो. तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘‘मास्तर, तुह्या गोल्फनं शिल्ड घालवली नं बे! पोरींले कायले शिकवत बसला होता?’’ आजूबाजूचे हसले. प्राचार्यांनी मात्र हात हातात घेतला. ‘‘तुमच्या शब्दांचं सोनं केलं पोरीनं.’’ मी दोघांचंही ऐकून घेतलं. खरं काय ते दोघांनाही सांगितलं नाही.

ती नळाजवळ गुडघ्याची पट्टी सोडत बसली होती. मी जाऊन म्हणालो, ‘‘छान केलंस पोरी.’’

‘‘भाषणामुळं नाही केलं, सर,’’ ती म्हणाली. ‘‘आमी गावात खेळतो तं पंच कुठं राह्यते? ज्याचं त्यालेच सांगा लागते.’’ मग तिनं खाली बघितलं. ‘‘तुमच्या बुटाले फक्की लागली, सर.’’

आवाजात टोमणा नव्हता. पण मी कुठे उभा होतो हे तिला माहीत होतं, आणि ते तिला माहीत आहे हे मला कळलं. बुटाची पुढची कड पांढरी झाली होती. मला ती झटकताही येईना.

सोमवारी आठवीच्या वर्गात मी गोल्फ सोडून तिची गोष्ट सांगितली. पोरं खूश झाली. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र विचार करत होती.

‘‘मंग पंचानं बाजूच्या कोनाले विचारलं नाही काय, सर?’’

‘‘विचारलं होतं.’’

‘‘कोनाले?’’

‘‘मला.’’

सगळे माझ्याकडे बघत होते.

‘‘मंग तुमी काय सांगतलं?’’

मी खडू टेबलावर ठेवला आणि सांगितलं.