बैलाचा डावा डोळा

आधी हातातला चहा खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत असताना माझ्या जावेच्या नाकातून चहा आला होता, आणि त्याचाही ठपका माझ्यावरच.

तर तान्हा पोळा. तुमच्याकडे नसेल म्हणून सांगते. मोठ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरांचा पोळा. चाकं लावलेला लाकडी बैल सजवायचा, दोरी धरून मैदानापर्यंत ओढत न्यायचा, मग घरोघरी फिरून खाऊ गोळा करायचा. बस, इतकंच. चार वर्षांच्या पोराला जमतं. एम.एस्सी. झालेल्या आईला जमत नाही.

कारण मागच्या वर्षी आमच्या गुंजनच्या बैलाचं शिंग ऐन मैदानात गळून पडलं, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "आईचं लक्ष नाई वाटते." कोण बोललं ते दिसलं नाही. म्हणून मी वर्षभर आमच्या अख्ख्या लाखनी गावावर संशय घेतला. भाजीवालीवरसुद्धा.

यंदा ठरवलं, बैल असा करायचा की कुणाची बोलायची टाप नाही. पांढराशुभ्र ऑइल पेंट, मखमलीची झूल, गळ्यात पितळी घुंगरू. गुंजनला बजावून ठेवलं होतं, "बैलाला हात लावायचा नाही." ती दारात बसून विचारायची, "आई, मी कधी ओढू?"

"झाला की."

राहिले होते फक्त डोळे. डावा काढला. सुंदर. उजवा काढला, तो किंचित मोठा झाला. म्हणून डावा वाढवला. मग उजवा बारीक दिसायला लागला. उजवा वाढवला. तुम्ही म्हणाल, थांबायचं ना बाई. हो, अशा वेळी थांबणारी माणसं असतात म्हणे. मी त्यांच्याविषयी ऐकून आहे. संध्याकाळपर्यंत दोन्ही डोळे नाकपुड्यांना येऊन टेकले.

सासूबाई आल्या. बैलाकडे बराच वेळ पाहून म्हणाल्या, "बैल घ्याले गेलती ना वं तू? मंग घुबड कायले आणलं?"

झालं. सकाळी उठून पूर्ण तोंडावर पुन्हा पांढरा हात मारला आणि घाईत, ओल्यावरच डोळे काढले. आणि काय सांगू, या वेळी दोन्ही सारखे आले! अगदी सारखे! फक्त वाळेनात. पावसाळी हवा, रंग नुसता चिकचिक. टेबलफॅनसमोर ठेवला, तर फॅनच्या पात्यांवरची जुनी धूळ उडायला लागली.

नवरा बाहेरून ओरडत होता, "चाल ना आता. बैल हाये तो, त्याचं लगन नाही."

मी त्याचाच नवाकोरा पांढरा टॉवेल घेतला, बैलाच्या डोक्यावरून गुंडाळला आणि गळ्याशी गाठ मारली. बैल आता तोंडाला दुपट्टा बांधून स्कुटीवर निघालेल्या पोरीसारखा दिसायला लागला. चाकं चिखलात भरू नयेत म्हणून त्याला उचलूनही घेतलं. असे आम्ही निघालो. बैल माझ्या कडेवर, आणि गुंजन मागून नुसती दोरी धरून.

मैदानात उषाकाकू भेटल्या, आमच्या समोरच्या. त्यांनी विचारलं, तोंड काहून झाकलं? रंग ओला आहे म्हणायची लाज वाटली. म्हटलं, "आत्ताच दाखवायचा नाही, काकू."

एवढंच बोलले हो मी. एवढंच! पण काकूंनी ते पलीकडच्या बाईला सांगितलं, आणि माझ्यापर्यंत परत आलं तेव्हा बैल नवसाचा झाला होता. बायका वाट द्यायला लागल्या. एकीने बैलाच्या पुढ्यात नारळ ठेवला. एकीने आपलं रडकं पोरगं आणून त्याचं डोकं बैलाच्या पायाला टेकवलं, आणि नेमकं तेव्हाच ते पोरगं रडायचं थांबलं. मग काय विचारता! रांगच लागली. मी सांगायला तोंड उघडायची, तर कुणीतरी मलाच कुंकू लावायचं.

शेवटी बक्षिसं द्यायला आलेल्या म्हाताऱ्या गुरुजींनी माइकवरून जाहीर केलं की आता मानाच्या बैलाचं मुखदर्शन होईल.

टॉवेलची गाठ सुटली, टॉवेल सुटेना. मी ओढला. गुरुजींनी चपला काढून ओढला. आणि निघाला तो तोंड घेऊनच निघाला. मागे राहिलं कोरं लाकूड. ना डोळे, ना नाक. वरून दोन शिंगं. टॉवेलवर मात्र दोन डोळे टकमक बघत होते.

आता गुंजन भोकाड पसरणार, मीही पसरणार, असं वाटत होतं. तेवढ्यात तिने माझा पदर ओढला. "आई, झाला?"

म्हटलं, "हो. झाला."

तिने टॉवेलवरच्या ओल्या काळ्या रंगात बोट बुडवलं आणि बैलाला दोन ठिपके लावले. एक कपाळावर, एक जवळजवळ हनुवटीवर. मग त्याला माझ्या कडेवरून खाली उतरवून, दोरी धरून जी पळत सुटली चिखलातून, ती घुंगरू वाजवत. मागे सगळी पोरं.

आणि माझ्यामागून आवाज आला, "आईचं लक्ष नाई वाटते."

या वेळी मी गर्रकन वळले. सासूबाई. नवसाच्या नारळाचं खोबरं खात उभ्या. वर्षभर सगळ्या गावावर संशय घेतला, एवढं एक घर सोडून!

तर हल्ली मी कशाच्या मागे लागत नाही. पोळ्या भारताच्या नकाशासारख्या होतात, होऊ देते. फक्त त्या टॉवेलवरचे डोळे काही केल्या निघाले नाहीत. टॉवेल तारेवर वाळत घातला की उषाकाकू दचकतात. परवा त्याच्याकडे बघता बघता लक्षात आलं, डावा जरा मोठाच आहे. जरासाच. आत जाऊन ब्रश घेऊन आले, तर दारात गुंजन उभी. कमरेवर हात.

"आई, टॉवेलला हात लावायचा नाही."