तांब्याच्या कड्यांखालचे पाय

रॉटरडॅमला मी घरीच कपडे अल्टर करून द्यायचे, तेव्हाची गोष्ट. नोव्हेंबरातल्या एका काळोख्या दुपारी पन्नाशीची एक बाई काळा स्कर्ट आणि जाकीट घेऊन आली. काठाला लाल-पिवळ्या पट्ट्या होत्या. ती बोर्निओतल्या बिदायुह लोकांपैकी. हा त्यांचा सणाचा पोशाख, पण ती वाळल्यामुळे अंगावर लोंबत होता.

"सण आहे का?" टाचण्या लावताना मी विचारलं.

"आई गेली. मला जाता आलं नाही. रविवारी इथल्या चर्चमध्ये प्रार्थना आहे."

बोलताना ती आपलं मनगट चोळत राहिली. तिच्या आईच्या पोटऱ्यांवर त्यांच्या रीतीप्रमाणे लहानपणापासून तांब्याची कडी होती, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. शेवटच्या आजारात आत जखम चिघळली, म्हणून दवाखान्यात ती कडी कापून काढली. भावाने व्हिडिओ कॉलवर दाखवलं.

"काटकुळे, पांढरेफटक पाय होते. मी भावाला म्हटलं, हे कोणाचे पाय दाखवतोस?"

ती मनगट चोळायची थांबली.

"आईला ते ऐकू गेलं. तिने पायांवर चादर ओढून घेतली."

मी खाली बसून स्कर्टचा काठ दुमडत होते. वर बघायचं मला धाडस झालं नाही.