'जुळत नाही' म्हणणारी आत्या

माझ्या आत्याला स्टुडिओत सगळे 'जुळत नाही' म्हणायचे. पाठीमागे, अर्थात. तोंडावर म्हणायची कोणाची टाप होती!

स्टुडिओ बाबांचा. आधी तो बर्फाचा कारखाना होता. भिंती हातभर जाड, बाहेरचा आवाज आत येत नसे, म्हणून घेतला. मोठ्या कंपन्यांनी दारात उभं राहू दिलं नाही, तेव्हा बाबा म्हणाले, "दुसऱ्याच्या अंगणाला वाकडं म्हणत बसण्यापेक्षा आपलंच अंगण सारवू." बावीस वर्षांत आठ सिनेमे. दोन चालले, एकाचं नाव झालं, बाकीचे आम्ही घरचेच पाहतो.

आत्या आधी छापखान्यात मुद्रितं तपासायची. बाबांनी तिला तिथून उचलून आणलं. सिनेमाची दृश्यं काही ओळीने घेत नाहीत. माणूस दारात येतो ते आज, आणि दारातून आत शिरतो ते वीस दिवसांनी. तोवर त्याचा भांग, शर्ट, हातातल्या कपातला चहा, सगळं होतं तसंच राहायला हवं. ते बघणं आत्याचं काम. रोजचे फोटो ती तारखेवार वहीत चिकटवायची आणि कॅमेरा सुरू व्हायच्या आधी हटकायची, "जुळत नाही. दुसरं बटण उघडं होतं." घरी आली तरी तेच. "वहिनी, काल ही पळी डावीकडे होती." आई म्हणायची, "वन्सं, इथे कोणी कॅमेरा लावलेला नाही. बसा गपचूप."

आठव्या सिनेमात म्हाताऱ्या बापाचं काम करणाऱ्या नटाने ऐनवेळी टांग दिली, म्हणून बाबा स्वतःच उभे राहिले. एकतीस दिवसांचं शूटिंग होतं. चौदाव्या दिवशी आत्याने बाबांकडे पाहिलं आणि मग वहीतल्या, शूटिंगच्या दुसऱ्याच दिवशी काढलेल्या फोटोकडे पाहिलं. कॉलर मानेपासून बोटभर सुटली होती. घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरत होतं.

ती त्यांना मेकअपच्या खोलीत घेऊन गेली. पुढचं तिनेच मला सांगितलंय, शब्दन् शब्द.

"दादा, तू खंगत चाललायस. आजच्या आज डॉक्टरकडे चल."

"सतरा दिवस राहिलेत. आता थांबलो तर माणसं पांगतील, पुन्हा जमायची नाहीत. आणि घरी बोललीस तर माझ्याशी गाठ आहे."

कोणीही शहाणी बाई तडक आईकडे आली असती. आत्याने सुईदोरा घेतला. कॉलर आत घेतली, घड्याळाच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं, मेकअपवाल्याला गालांचा रंग बदलायला लावला. पंचविसाव्या दिवशी शर्टाखाली तीन बनियन होते. रोज कॅमेऱ्याशेजारी उभी राहून ती म्हणायची, "जुळतंय."

शूटिंग असलं की बाबा स्टुडिओतच मुक्काम ठोकायचे, त्यात आम्हाला नवल नव्हतं. आई मधूनच डबा घेऊन जायची. पाहावं तर अंगावर म्हाताऱ्याचे कपडे, तोंडाला रंग. एकदा ती मला म्हणाली, "या सिनेमात तुझे बाबा जरा अंग धरतायत, नाही?"

बत्तिसाव्या दिवशी ते दवाखान्यात होते. दोन-तीन आठवडे आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. महिन्याच्या आत बाबा गेले. सिनेमा लागला, बरा चालला, आणि स्टुडिओला कुलूप लागलं.

पुढे एका दुपारी आत्या घरी आली तेव्हा आईने सरळच विचारलं, "वन्सं, तुम्हाला कधी कळलं?"

आत्याला थापा मारता येत नाहीत. ती म्हणाली, "चौदाव्या दिवशी. जेवणाच्या सुट्टीआधी."

आईने चहाचं आधण ओतून दिलं आणि ती आतल्या खोलीत गेली. दोघी पुन्हा बोलल्या नाहीत. मी आत्याशी बोलतो, पण मला तिचा राग येतो. भावाचा शब्द पाळला म्हणे! मेला ना भाऊ.

तो सिनेमा मी अकरा वेळा पाहिला आहे, पडद्याला नाक लावून पाहिला आहे. कुठल्या दृश्यात बाबा धडधाकट आहेत आणि कुठल्या दृश्यात मरायला टेकलेत, मला अजून ओळखता आलेलं नाही.